रडकीची रेकॉर्ड

उंद्रीत उतरून पुंजाजीचं घर विचारलं, तर लोक आजही उलट विचारतात, "कोन्ता पुंजाजी? भोंगेवाला काय?" भोंगे भंगारात जाऊन वीस वर्षं झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. घरची शेती भाजीपाल्याची. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर. धाकटा भाऊ त्यात रमला. पुंजाजीचं मन लहानपणापासून तारांत आणि मोटरींत. बावीस वर्षांचा असताना त्यानं खामगावातून जुना अँप्लिफायर, दोन भोंगे आणि एक रेकॉर्ड प्लेअर आणला आणि पंचक्रोशीतल्या लग्नांत गाणी वाजवायला सुरुवात केली.

रेकॉर्डी मुंबईहून यायच्या. वर्षातून एकदा तो शेगावला गाडी पकडायचा, मुंबईत स्पीकरचे सुटे भाग घ्यायचा आणि चोरबाजारातून जुन्या रेकॉर्डींचा एक गठ्ठा उचलायचा. गठ्ठ्यात काय निघेल ते निघेल. असाच एकदा एक छोटी, बशीएवढी रेकॉर्ड निघाली. वरचा कागद निम्मा फाटलेला, अक्षरं इंग्रजी. रोहिणखेडच्या एका लग्नात, पंगत बसलेली असताना, पुंजाजीनं न बघता तीच लावली.

भोंग्यातून एका पोरीचा आवाज निघाला. रडायच्या अगदी काठावर आलेला, पण न रडणारा. मागं कुणीतरी टाळ्या देतंय, कुणी बाजा धरलाय, आणि ही पोरगी जिवाच्या आकांतानं कुणालातरी काहीतरी सांगतेय. पंगतीतले हात थांबले. नवरीचा मामा पाण्याची बादली तशीच टाकून धावत आला.

"अबे, कोन मेलं काय? बंद कर ते रडनं!"

पुंजाजीनं बंद केली. पण ती पोरगी काही त्याच्या डोक्यातून उतरेना. दुसऱ्या दिवशी त्यानं घरी रेकॉर्ड लावली. गोजरबाई, त्याची बायको, लग्न होऊन वर्षच झालेली, दारात बसून तूर निवडत होती. तिचे हात थांबले. गाणं संपलं तसं तिनं विचारलं, "कोन हाय हो हे रडकी?"

"मले काय मालूम?"

"आनखी एक डाव लावा न."

तेव्हापासून त्या घरात त्या गाण्याला दुसरं नाव उरलं नाही. चार-आठ दिवस गेले, की गोजरबाई म्हणायची, "रडकी लावा बरं."

पुढच्या खेपेला पुंजाजी ती रेकॉर्ड घेऊनच मुंबईला गेला. चोरबाजारातल्या म्हाताऱ्या दुकानदारानं ती उलटीपालटी करून पाहिली. "ये सोल है मियाँ. अमरीका के काले लोगों का गाना." पुंजाजीला सोल म्हणजे बुटाचा तळवा एवढंच ठाऊक होतं. म्हातारा हसला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "रूह. आत्मा." त्या दिवशी पुंजाजीनं लग्नातल्या गाण्यांच्या आधी सोलच्या सात रेकॉर्डी वेचून काढल्या.

मग ते व्यसनच लागलं. बोटीवरचे खलाशी परदेशातून रेकॉर्डी आणत आणि निघताना विकून जात. त्यातल्या सोलच्या पुंजाजीसाठी बाजूला ठेवलेल्या असत. इंग्रजी त्याला सातवीपुरतं, पण रेकॉर्ड हातात आली की ती कुठल्या देशात दाबलीय हे तो सांगू शकायचा. अमेरिकेतलीचं भोक रुपयापेक्षा मोठं. त्यात बसवायला तो जुन्या चपलेच्या रबराची चकती कापायचा. इंग्लंडमधलीच्या मधोमध चार दांड्यांवर तोललेला तुकडा, हवा तेव्हा दाबून काढता येणारा. जमैकातलीचा कागद बहुधा तिरका आणि भोक एका अंगाला, त्यामुळं गाणं दारू प्यायल्यासारखं झुलायचं. आपल्या देशातली जाड, जड, छोट्या भोकाची. नावांच्या स्पेलिंगात हमखास चूक. एकच गाणं त्याच्याकडं चार देशांचं होतं आणि चारही वेगळी वाजायची. एकात ढोल पुढं, एकात बाई पुढं, एकात शेवटचं कडवंच कापलेलं. रेकॉर्डी टमाट्याच्या क्रेटमध्ये उभ्या लावून ठेवायच्या, आणि उन्हाळ्यात त्या वाकू नयेत म्हणून आतल्या खोलीत ओलं गोणपाट टांगायचं, हा नेम त्यानं पन्नास वर्षं पाळला.

रडकीची मात्र दुसरी प्रत त्याला कधीच मिळाली नाही. फाटक्या कागदावर बाईचं नाव 'वेर्लिना' एवढंच उरलेलं. खलाशांना विचारलं, दुकानदारांना विचारलं, कुणी ऐकलेलं नव्हतं. त्या रेकॉर्डीत आणखी एक गंमत होती. गाणं संपलं, वाजंत्री थांबली, तरी ती चार-पाच सेकंद चालूच राहायची. कुणी वेळेवर यंत्र बंद करायला विसरलं असावं. त्या शांततेत ती पोरगी एक लांब श्वास घ्यायची आणि दोन शब्द बोलायची. पुंजाजीच्या मते ती "ऑल राइट" म्हणायची. गोजरबाई म्हणे, "काई बी सांगता. आई वं म्हन्ते ते. दमली हाय बिचारी." या दोन शब्दांवरून नवराबायकोचं पन्नास वर्षांत एकमत झालं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर प्रतीक्षा आली. मूळची चिखलीची, आता पुण्यात नोकरीला, तिशीतली. जुन्या रेकॉर्डींचा तिला नाद, आणि चिखलीतल्या तिच्या मामानं पुंजाजीचं नाव सांगितलेलं. ती सकाळी आली ती संध्याकाळपर्यंत जमिनीवर मांडी घालून ऐकत बसली. पन्नास वर्षांत त्या खोलीत रेकॉर्ड ऐकायला म्हणून कुणी आलं नव्हतं. पोरं कामाधंद्याला बाहेरगावी, भाऊ म्हणायचा, भंगारवाल्याला घाल. आणि ही पोरगी रेकॉर्डीची कड दिव्याशी धरून मधल्या कागदाजवळ खरवडलेले आकडे वाचत होती आणि म्हणत होती, "आबा, देश ओळखायला तुम्ही कुणाकडून शिकलात?"

"कोनाकडून शिकतो, माय? पाहून पाहून आलं."

रडकी तिनं पुन्हा लावायला सांगितली. रेकॉर्ड झिजली होती. मधे एका जागी सुई अडकायची आणि पुंजाजी बोटानं ढकलायचा. "आबा, ही मी पुण्याला नेते. यंत्रावर धुते, कॉम्प्युटरमध्ये उतरवते, म्हणजे कायमची राहील. महिन्यात परत आणून देते."

पुंजाजीनं गोजरबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, "नेऊ द्या. सोताच्या लेकीवानी बोलून राह्यली." त्यानं रेकॉर्ड जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून दिली. वर, "जमलं तर माह्या प्लेअरले एक सुई पाय बरं तिकडं," असंही सांगितलं.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला तेव्हा पुंजाजी चक्कीवर दळण घेऊन उभा होता. पट्टा घरघरत होता. त्यानं एक कान बोटानं बंद केला.

"आबा, एक मोठी बातमी आहे! तुमची... बदलून... एकदम नवी मिळतेय... इंग्लंडहून... देऊ का?"

पुंजाजीला वाटलं, सुई. "हाव हाव! दे बदलून. तुले बरं वाटन ते कर, माय."

"नक्की ना आबा?"

"नक्की!"

चक्कीवाला हसला. "कोनाचा फोन, काका?" "पुन्याहून. माही सुई भेटली," पुंजाजी म्हणाला.

डिसेंबरात ती स्वतः आली. पिशवीतून तिनं पुठ्ठ्याचं एक पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी पुंजाजीला दिलं. आत एक कोरी करकरीत रेकॉर्ड, मोठ्या भोकाची. अमेरिकेत पहिल्यांदा दाबलेली. कागदावर नाव अख्खं आणि बरोबर स्पेलिंगचं.

"आबा, तुमची होती ना, तिच्यात गाणं चुकून जास्त वेगानं भरलेलं होतं. आपल्याकडे बनवताना झालेली गफलत. म्हणून तो आवाज लहान मुलीसारखा यायचा. खरी गायिका चाळिशीची बाई होती! इंग्लंडमधल्या एका संग्राहकाला तसली चुकलेली प्रत हवीच होती. त्यानं तिच्या बदल्यात ही दिली. अशी प्रत जगात फार थोड्यांकडे आहे."

पुंजाजीनं रबराची चकती घेतली आणि रेकॉर्ड लावली.

आवाज काचेसारखा स्वच्छ आला. पण गात होती एक जाड गळ्याची, पोक्त बाई. संथ, ठाम. तिला रडू येत नव्हतं. जे सांगायचं ते तिनं कधीच पचवलेलं होतं. शेवटी गाणं हळूहळू विरत गेलं आणि विरलंच. ना श्वास, ना शब्द.

गोजरबाई दारात उभी होती. "हे कोन बाई हाय?" तिनं विचारलं.

प्रतीक्षा हसत म्हणाली, "आजी, तीच आहे ही. तुमची रडकी."

गोजरबाई वळली. चहा ठेवायला आत गेली.

पुंजाजीनं बराच वेळ रेकॉर्डीवरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, "अन् जुनीचं ते कॉम्प्युटरात उतरवलं, ते?"

"जुनी फार अडकत होती, आबा. तेवढ्यात ही आली, म्हणून हीच उतरवली. किती स्वच्छ आहे!"

"ते परत नाई येत का, बाई?"

प्रतीक्षाचा चेहरा उतरला. काय झालंय हे तिला त्या एका वाक्यात कळलं. तिनं तिथंच बसून इंग्लंडला लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं, फार सभ्य. त्या गृहस्थानं ती रेकॉर्ड आधीच जपानमधल्या एकाला दिली होती, आणि जपानचा माणूस घेतलेली वस्तू हातची सोडत नाही. ध्वनिमुद्रणाचा तुकडासुद्धा नाही, कारण तिचं मोलच ती दुसरीकडं कुठं ऐकायला मिळत नाही यात आहे. फोनवर हे सांगताना प्रतीक्षा रडायला लागली.

"आबा, मी तुम्हाला विचारलं होतं हो..."

"हाव माय. मीच हाव म्हनलं. तुहा काई दोष नाई. रडू नोको."

फोन ठेवल्यावर पुंजाजी ओट्यावर बसून राहिला. रागवायला कुणी मिळालं असतं तर बरं झालं असतं. पोरीनं चांगलंच केलं होतं. इंग्लंडच्या माणसानं फसवलं नव्हतं. चुकीची वस्तू जाऊन बरोबर वस्तू आली होती. हे गावात कुणाला सांगितलं असतं तर लोक पेढे मागायला आले असते.

पण तो मेकॅनिक होता. हात बांधून बसणं त्याला जमेना. तिसऱ्या दिवशी त्यानं प्लेअर उघडला. मोटरीच्या दांड्याला चिकटपट्टीचा एक वेढा दिला, म्हणजे दांडा जाड होतो आणि तबकडी जोरात फिरते. लावून पाहिलं. बाई थोडी तरुण झाली. आणखी अर्धा वेढा. आणखी. दुपार उलटून गेली. एका वेढ्याला ती घाई करायची, एका वेढ्याला पुन्हा पोक्त व्हायची. आठ दिवस घरात तेच एक गाणं वाजत होतं. शेवटी एका संध्याकाळी आवाज जमला. तीच पोरगी, तोच रडण्याचा काठ. पुंजाजीनं आवाज वाढवला. त्यानं हाक मारली, "अवो, इकडं ये. आयक."

गोजरबाई पदराला हात पुसत आली, खाली बसली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली. गाणं विरून गेलं. ती तशीच थांबली, पुढचं काही यायचंय अशी. सुई मधल्या कागदाशी जाऊन खरखरू लागली.

"जमलं न?" पुंजाजीनं विचारलं.

"हाव," ती म्हणाली. "तिच्यावानीच म्हन्ते." आणि उठली.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुसरी एक रेकॉर्ड लावली, तर तिच्यातला बापई माणूस उंदरासारखा चिरकायला लागला. तिसरीही तशीच. त्या पट्टीनं क्रेटमधल्या बाकी साऱ्या रेकॉर्डी बिघडवल्या होत्या. पुंजाजीनं चाकूच्या टोकानं वेढे सोडवले, दांडा रॉकेलच्या बोळ्यानं पुसला आणि झाकण लावून टाकलं. नवी रेकॉर्ड त्यानं इतरांबरोबर उभी करून ठेवली. गोजरबाईनं त्यानंतर रडकी लावा असं कधी म्हटलं नाही. तो वाट पाहायचा. ती तूर निवडायची, भाकरी थापायची, शेजारणीशी बोलायची, पण म्हणायची नाही.

यंदा चैत्रात प्रतीक्षानं फोनवर एक फोटो पाठवला. त्या जपानच्या माणसानं आपल्या संग्रहाची चित्रं मांडली होती, त्यात ही होती. पुंजाजीनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. फाटका कागद. 'वेर्लिना'. सुई अडकायची त्या जागेचा पांढरा ओरखडा. खाली जपानी अक्षरांत काहीतरी लिहिलेलं.

"अवो, हे पाय."

गोजरबाईनं चष्मा लावला आणि फोन डोळ्यांजवळ धरला. "आपलीच हाय," ती म्हणाली. "बरी ठेवली हाय न त्यानं?"

"काचेच्या कपाटात हाय म्हन्ते प्रतीक्षा. ते लोक लावत नाईत. खराब होते म्हनून."

"लावतच नाईत?"

"नाई."

गोजरबाई बघत राहिली. थोड्या वेळानं पडदा आपोआप काळा झाला. पुंजाजीनं बोट लावलं, फोटो परत आला. दोघंही त्याच्याकडं पाहत बसले. पडदा पुन्हा काळा झाला, आणि त्यानं पुन्हा बोट लावलं.