झोपलेल्याला उठवायचं नाही

भर दुपारी त्या खोलीत काळे पडदे ओढलेले होते. घर नागपूरला आणि नोकरी दिल्लीत, म्हणून माझ्या मुलाने इतर पाच वैमानिकांबरोबर विमानतळाजवळ हा फ्लॅट घेतला होता. पलंग कुणाच्याच नावाचा नाही. येणाऱ्याने आपली चादर अंथरायची, जाताना काढून ठेवायची. मी त्याची चादर न्यायला आलो होतो.

“काका, इथे एकच नियम,” त्याचा सोबती निखिल कुजबुजला. “झोपलेल्याला उठवायचं नाही. मी सकाळी त्याच्या शेजारून गेलो, संध्याकाळी परत आलो. वाटलं, दमलाय बिचारा.”

हृदयविकाराचा झटका वेळेत कळला असता तर मुलगा कदाचित वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले होते. ते मी निखिलला सांगितलं नाही. तो सुट्टीवर आला की त्याची आई कुकरची शिट्टीसुद्धा होऊ देत नसे. झोपू देणं ही आमच्याही घरची मायाच होती.

चादरीची घडी पिशवीत ठेवली. समोरच्या पलंगावर एक अनोळखी तरुण भिंतीकडे तोंड करून झोपला होता. त्याचं पांघरूण श्वासाबरोबर हललेलं दिसेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.