सुशांतची डावी पापणी

देव अक्कल वाटत होता तेव्हा आमचा सुशांत नक्की आरशासमोर उभा असणार. माझा सख्खा पुतण्या, वय एकोणतीस. लालबागच्या कारखान्यात माझ्या शेजारी बसून गणपतीच्या डोळ्यांची आखणी करतो. हात असा की मी शिकवलं म्हणायला मलाच लाज वाटावी. आणि या शहाण्याला स्वतःची डावी पापणी कापून घ्यायची होती. का? तर म्हणे उजवीपेक्षा जरा खाली असते!

अँटॉप हिलची एक मुलगी बघून आलो, तिकडून नकार आला. कारण त्यांनी सांगितलं नाही, यानेच ठरवलं, डोळा. लगेच लोअर परळच्या काचेच्या टॉवरमधलं क्लिनिक गाठलं. तिथल्या बाईने याच्या फोटोवर रेघा मारल्या, "सिमेट्री नाही" म्हणाली आणि चेहऱ्याची उजवी बाजू उलटवून डावीकडे चिकटवून दाखवली. तो फोटो घेऊन पठ्ठ्या चाळभर फिरला. कपड्याच्या दुकानातला पुतळा परवडला.

"डोंबलाची सिमेट्री!" म्हणत मी त्याला परळच्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं. पापणी बुबुळावर येत नाही, नजर स्वच्छ आहे, जन्मापासूनचं आहे, ऑपरेशनची काही गरज नाही, म्हणाल्या. "कोणाचेच दोन डोळे सारखे नसतात. केलंत तर डोळा कोरडा पडू शकतो. तरी हौस असेल तर तुमची मर्जी." गाढवाने नेमकी 'मर्जी' तेवढी ऐकली. क्लिनिकमधून शुक्रवारची तारीख घेऊन आला. गणपती दोन महिन्यांवर, डोळ्यांवर आमचं पोट, आणि याला हौस!

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या हातात ट्रेसिंग पेपर दिला. "या मूर्तीचा उजवा डोळा छाप, कागद उलटा कर, तोच डावीकडे काढ. कर ना सिमेट्री!" आखणीत आम्ही असं कधी करत नाही. एक डोळा काढायचा, पाच पावलं मागे जायचं, नजर जुळेल तसा दुसरा काढायचा. तो केसभर वेगळा होतोच. त्याने सांगितलं तसं केलं. डोळे अगदी सारखे झाले, पण मूर्ती कुठेच बघत नव्हती. सुशांत पाच पावलं मागे जाऊन बघून आला. मग ओल्या फडक्याने मूर्तीचा डावा डोळा पुसला.

"कॅन्सल करतो, काका."

असा फुगलो मी! हा शब्द फिरवेल म्हणून त्याच संध्याकाळी स्वतः त्याला क्लिनिकवर घेऊन गेलो. गुळगुळीत तोंडाची दोन पोरं मोबाइलमध्ये आपापलं नाक न्याहाळत बसली होती. थुंकावंसं वाटलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटचं नाव?"

सुशांतच्या आधी मीच बोललो. रोज तोंडात बसलेलंच बोललो.

"अर्ध्या."

मुलगी हसली. मागची पोरंही हसली. हे नाव मीच ठेवलेलं, तो पाच वर्षांचा असताना, एक डोळा अर्धाच उघडतो म्हणून. चोवीस वर्षं अख्खी चाळ त्याला तीच हाक मारते. तोही ओ देतो, म्हणून मी समजत होतो की त्याला चालतं.

सुशांतने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "सुशांत मयेकर लिहा," तो तिला म्हणाला. "शुक्रवारचं ऑपरेशन आहे. येतोय मी."

तो लिफ्टकडे निघाला. त्याला थांबवायला हाक मारणार होतो, तर तोंडात पुन्हा तेच नाव आलं. हलकटासारखा तिथेच गप्प उभा राहिलो.