मास्तरांनी धुतलेला स्वेटर

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नाहीत. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. चादरीचे चारही कोपरे जुळल्याशिवाय ते हाताखालच्या माणसाला घरी सोडत नसत, म्हणून लोकांनी त्यांना इस्त्रीमास्तर म्हणायला सुरुवात केली. पुढे इस्त्री गळली आणि मास्तर तेवढे राहिले. रक्त, औषध, ओकारी, कशाचाही डाग असो, ते तो काढून दाखवत, आणि वास तर मुळासकट. 'वास म्हणजे कपड्यात उरलेला मळ' हे त्यांनी आयुष्यात स्वतः शोधून काढलेलं एकमेव तत्त्व होतं आणि त्यावर त्यांचा संसाराइतकाच विश्वास होता. अंगात रोज धुतलेला शर्ट. उन्हाळ्यात दोन.

अशा माणसाच्या बायकोने घरामागच्या आवारात बावीस वर्षं लोकांची कुत्री सांभाळावीत, ही जोडी कोणी जुळवली कोण जाणे. गावाला जाणारे, इस्पितळात जाणारे, घर रंगवायला काढणारे आपलं कुत्रं तिच्याकडे आणून सोडत. तिला सगळे मावशी म्हणत. तिथे आठ खोल्या होत्या, प्रत्येकीला जाळीचं दार आणि झोपायला एक बुटका लाकडी पलंग. मुलगा छोटी व्हॅन घेऊन कुत्री आणायचा, पोचवायचा, सकाळ-संध्याकाळ फिरवायचा. मास्तर सकाळी सहाला कामावर जाताना आणि पाचला परत येताना ते आवार श्वास रोखून ओलांडायचे, एवढाच त्यांचा या धंद्यातला सहभाग.

दोन महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि घरात माणूस नाही, अडगळ आली. त्यांनी कुत्र्यांचे पट्टे लांबीप्रमाणे लावले. ताटल्या आकाराप्रमाणे रचल्या. कोणाची ताटली कोणती, हे त्या रचण्यात हरवलं. मावशी रागावली नाही, फक्त म्हणाली, "अहो, तुम्ही जरा पेपर वाचत बसा." हे वाक्य मास्तरांना जिव्हारी लागलं. चारशे खाटांच्या इस्पितळाने ज्याच्या सहीशिवाय उशीचा अभ्रा हलवला नाही, त्याला पेपर वाचायला बसवलं होतं.

मग मुलीच्या गरोदरपणात काहीतरी अवघड निघालं. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलं आणि मावशीला महिनाभर आधीच दुसऱ्या गावी तिच्याकडे जावं लागलं. जाताना तिने एकोणीस सूचनांचा कागद दारावर चिकटवला.

"वाचून दाखवा."

मास्तरांनी वाचून दाखवला.

"समजलं ना सगळं?"

"अगं, मी चारशे खाटा सांभाळल्यात."

"खाटा चावत नाहीत," मावशी म्हणाली आणि रिक्षात बसली.

त्या कागदावर सगळं होतं. कोणाला अंडं चालत नाही, कोण पाण्याच्या भांड्यात पाय घालतो, कोणाची गोळी कशात लपवायची. एक गोष्ट मात्र लिहिलेली नव्हती, कारण ती लिहावी लागेल असं तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. कुत्रं ठेवायला येणाऱ्या प्रत्येकाकडून मावशी अंगात वापरलेला, न धुतलेला एक कपडा मागून घ्यायची. तो त्या कुत्र्याच्या पलंगावर टाकायची. माणूस लांब गेलं तरी त्याचा वास उशाला राहायचा, आणि त्या वासाच्या भरवशावर ते मुकं जनावर अन्नाला तोंड लावायचं. कपड्याला पाणी लावायचं नाही हे बावीस वर्षांत घरात कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. विस्तवात हात घालू नका असं दारावर चिकटवतं का कोणी?

दुसऱ्या दिवशी सकाळी खोल्या झाडताना मास्तरांना ते कपडे दिसले. सहा कुत्री, सहा कपडे. एका व्यायामपटूचा बनियन, एक पायमोजा, कोणा नवऱ्याचा पायजमा, दोन ओढण्या आणि एक मरून रंगाचा स्वेटर, दोन्ही कोपरं फाटलेला. मास्तरांनी स्वेटर दोन बोटांत धरून नाकाजवळ नेला आणि त्यांचे डोळे मिटले. आपल्या बायकोच्या धंद्यात ही अवस्था आणि आपण रोज पेपर वाचतोय!

त्या दिवशी त्यांनी जीव ओतून काम केलं. कोमट पाण्यात भिजवणं, दोनदा साबण, तीनदा खळबळणं, कडक ऊन. स्वेटरची कोपरं रफू केली, तीही अशी की धागा शोधून सापडू नये. संध्याकाळी सहा पलंगांवर सहा चौकोनी घड्या होत्या, चारही कोपरे जुळलेल्या. मास्तर जाळीबाहेर उभे राहून बघत होते. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना आपण कोणीतरी आहोत असं वाटलं.

मुलगा व्हॅन लावून आत आला आणि पहिल्याच खोलीशी थबकला.

"बाबा, हे काय केलंत?"

"धुतले."

"का?"

"का म्हणजे? मळले होते."

मुलगा खालीच बसला. मग त्याने त्यांना ती न लिहिलेली विसावी सूचना सांगितली. ऐकताना मास्तरांचा चेहरा त्यांच्याच शर्टासारखा पांढरा होत गेला.

"आईला सांगू नकोस," ते शेवटी म्हणाले. "आधीच तिकडे तिच्या डोक्याला ताप आहे."

"मी नाही सांगत. पण तिच्या नाकाला फोनवरूनही कळतं."

पाच कुत्र्यांनी मोठ्या मनाने माफ केलं. व्यायामपटूच्या दांडगटाने तर घडी विस्कटली, तिच्यावर पाय वर केला आणि स्वतःचा वास देऊन प्रश्न मिटवला. राहिली शाई.

शाई चौदा वर्षांची काळी कुत्री होती, हनुवटीवर पांढरी दाढी. मरून स्वेटर तिच्या मालकाचा. मालक घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ. दुकानाच्या पायरीवरून पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली होती आणि अजून दहा दिवस ते मास्तरांच्याच जुन्या इस्पितळात राहणार होते. घरी बायको नाही, मूल नाही. एक पुतण्या होता, त्याच्या सवडीने यायचा.

शाईने स्वेटर हुंगला. पुन्हा हुंगला. नाकाने उलटून खालची बाजू पाहिली. मग ती पलंगावरून उतरली, फाटकाकडे तोंड करून सिमेंटवर पडली आणि तिथून हलली नाही. ती भुंकली नाही की रडली नाही. मास्तरांना ती एकदा तरी चावली असती तर बरं वाटलं असतं. उकडलेलं चिकन, अंडं, भोपळा, दूध, सगळं तिच्यापुढून जसंच्या तसं परत आलं.

रोज संध्याकाळी मावशीचा फोन.

"शाई जेवली का?"

"जेवली."

"किती?"

"बऱ्यापैकी," मास्तर म्हणायचे आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ भिंतीकडे बघत बसायचे. एकतीस वर्षांत त्यांनी एक टॉवेलसुद्धा खोटा मोजला नव्हता.

चौथ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी शाईची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी वर तशीच उभी राहिली, सावकाश बसली.

"आजार काही नाही," त्या म्हणाल्या. "हिने ठरवलंय. उद्या सकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर मला नळी घालावी लागेल. या वयात तिची मूत्रपिंडं ते सोसतील की नाही, मी शब्द देत नाही. मालकाचं दुसरं काही आणा वापरलेलं."

मुलाने मास्तरांना व्हॅनमधून घड्याळाच्या दुकानी सोडलं. मागच्या खोलीतच म्हाताऱ्याचं बिऱ्हाड होतं. किल्ली पुतण्याकडे. पुतण्याने मोठ्या अभिमानाने दार उघडलं. भिंतींना ताजा चुना, नवी गादी, नव्या चादरी.

"काका घरी येतील तेव्हा जंतू नकोत, असं डॉक्टर म्हणाले," पुतण्या म्हणाला. "जुनं सगळं टाकलं, बाकी सगळं उकळून काढलं. कसं वाटतं?"

"छान," मास्तर म्हणाले. दुसरा प्रसंग असता तर त्यांनी या मुलाला मिठी मारली असती.

उरलं इस्पितळ. म्हाताऱ्याला न भेटता, न सांगता काम उरकावं असा त्यांचा बेत होता. रुग्णाच्या अंगातला सदरा, निदान उशीचा अभ्रा. ते मागच्या दाराने धुलाईखात्यात शिरले. त्यांचा जुना मदतनीस आता त्यांच्या खुर्चीत होता. तो धडपडून उठला.

"मास्तर! तुम्ही?"

"हाडांच्या वॉर्डातला आजचा गठ्ठा कुठे आहे?"

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग फिरणाऱ्या मोठ्या यंत्राकडे. काचेआड फेस उसळत होता.

"तीनला घातला. तीन म्हणजे तीन. तुमचाच नियम, मास्तर. एक मिनिट इकडेतिकडे होऊ देत नाही मी."

"थांबव."

"आता थांबवून काय? उकळी फुटली." मग जरा घाबरून तो म्हणाला, "काही चुकलं का?"

"नाही रे," मास्तर म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही."

आयुष्यात प्रथमच त्यांना एखादा निष्काळजी, आळशी, कामचुकार माणूस हवा होता, आणि असा एकही त्यांनी या खात्यात टिकू दिला नव्हता.

मग जिना चढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. वॉर्डाच्या दारात सिस्टरने ओळखलं. "घड्याळवाले बाबा? अहो, कमाल आहे त्यांची. सकाळी चार पावलं चालले. शाईला फिरवायचंय म्हणतात. कुत्रीच्या नावावर चालतोय बघा हा माणूस." आत शिरण्याआधी मास्तरांना तेवढं ऐकायची गरज नव्हती.

म्हातारा उशीला टेकून बसला होता. मनगटं काडीसारखी, बोटं मात्र अजून कारागिराची.

"या, या. कशी आहे ती?"

ठीक आहे, हे दोन शब्द मास्तरांच्या ओठांवर तयार होते. चार दिवस मावशीला असंच सांगून सांगून ते गुळगुळीत झाले होते. पण म्हाताऱ्याने लेकराची चौकशी करावी तसं तोंड केलं होतं.

"जेवत नाही," मास्तर म्हणाले. "चार दिवस झाले. मी तुमचा स्वेटर धुतला."

"धुतला?"

"हो. वास होता म्हणून. कोपरंही रफू केली." हे ते का बोलले, त्यांनाही कळलं नाही.

म्हाताऱ्याने स्वतःच्या सदऱ्याची बाही नाकाला लावली. "इथे आल्यापासून मलासुद्धा माझा वास येत नाही हो," तो म्हणाला. "तिला कुठून येणार?"

"मला माफ करा."

"ते राहू द्या. मला घेऊन चला."

"अहो, कसं नेणार?"

"चार पावलं येतात मला. चला." आणि तो खरोखरच पाय खाली सोडायला लागला. मास्तर आडवे आले, तसा त्याने त्यांचा उजवा दंड धरला, दोन्ही हातांनी, आणि सोडेचना. त्याला दरदरून घाम फुटला होता. "तिला वाटलं असेल मी गेलो," तो म्हणत होता, "तिला वाटलं असेल मी गेलो." कपाळ त्याने मास्तरांच्या बाहीत खुपसलं आणि लहान मुलासारखा हमसून रडला. सिस्टर धावत आली, पण सोडवता सोडवेना. वेदनाशामक इंजेक्शन दिल्यावर पाऊण तासाने तिने त्याची बोटं एकेक करून बाहीवरून काढली.

मास्तर रिकाम्या हाताने घरी आले. मुलाने फाटक उघडलं. शाई तिथेच होती, आता कुशीवर. बरगड्या हलताहेत की नाही ते वाकून बघावं लागत होतं. मास्तर तिच्याजवळ सिमेंटवर बसले. तिथे पाणी सांडलेलं होतं, त्यांची पँट भिजली, तरी ते बसून राहिले. सांगायचं कोणाला आणि काय, उद्या ही गेली तर त्या माणसाला चार पावलं तरी कशासाठी चालायला सांगायचं, असं काहीबाही त्यांच्या डोक्यात फिरत होतं. त्यांनी हात नुसताच तिच्या मानेजवळ टेकवला.

शाईचं नाक हललं.

आधी अगदी थोडं. मग तिने डोळे उघडले आणि मान उचलली. ती मान कशी थरथरत होती ते बघवत नव्हतं. तिने मास्तरांचा तळवा हुंगला आणि सोडून दिला. मनगट हुंगलं. बाहीपाशी आली आणि थांबली. मग तिने तो चुरगळलेला, घामेजलेला, नाका-डोळ्यांच्या पाण्याने कडक झालेला कापडाचा तुकडा इंच इंच हुंगत खांद्यापर्यंत नेला, परत खाली आणला आणि त्यावर हनुवटी ठेवली.

मास्तरांनी तेव्हा पहिल्यांदा आपल्या शर्टाकडे पाहिलं. इतका घाण शर्ट त्यांच्या अंगावर जन्मात कधी नव्हता, आणि तो घालून ते भर रस्त्यातून आले होते.

"चिकन आण," ते मुलाला ओठांतल्या ओठांत म्हणाले. "पळू नकोस. हळू."

डाव्या हाताने त्यांनी एक तुकडा पुढे धरला. तिने तो बराच वेळ नुसता पाहिला. घेतला. चघळला. थोड्या वेळाने आणखी एक. तिसरा घेतला नाही. दोन घासांवर कुत्री जगत नाही, हे मास्तरांना कोणी सांगायला नको होतं.

मुलाने वाजणारा फोन आणून त्यांच्या कानाला लावला.

"शाई जेवली का?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. बनियनपासून रफूपर्यंत, चार दिवसांच्या खोट्यापासून यंत्रातल्या फेसापर्यंत, बाहीपर्यंत.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय," मावशी म्हणाली. "कोणता शर्ट?"

"पांढरा."

"सगळेच पांढरे आहेत तुमचे. आत्ता अंगात आहे तोच ना?"

"हो."

"काढू नका."

"किती दिवस?"

"ते तुम्ही मला विचारताय? तो म्हातारा घरी येईपर्यंत. उद्या भेटायच्या वेळेला पुन्हा जा, त्याच्याजवळ बसा, हात धरू दे त्याला. परवाही जा. आणि कागदावर लिहा..." ती थांबली. "नाही, नका लिहू. ते मीच लिहून ठेवायला हवं होतं."

"तसं नाही गं."

"अंडं देऊन बघा पहाटे. पिवळं फक्त. बोटाने."

फोन बंद झाला. शाईच्या हनुवटीखाली मास्तरांचा हात मुंग्या येऊन बधिर झाला होता. समोर दोरीवर त्यांचे आठवड्याचे शर्ट वाळत होते, एका रांगेत, बाह्या खाली सोडून. मुलगा ते काढायला निघाला.

"राहू देत," मास्तर म्हणाले. "आता लागायचे नाहीत."