नवऱ्याची सही आणा

नवरा घर सोडून गेला तेव्हा मुलगी अजून रांगत होती. खडकी बाजारामागच्या एका खोलीत आम्ही दोघी राहायचो. मी साड्यांना फॉल लावायचे, पिको करायचे. त्यावर भागत नव्हतं, म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून तहसील कचेरीत खेटे घातले आणि निराधारांची पेन्शन लावून घेतली. कागदावर मी निराधार ठरले. रोज सकाळी उठून पाणी भरणारी, पोरीला शाळेत सोडणारी, खोलीचं भाडं चुकवणारी मीच, आणि निराधारही मीच. हा शब्द मला तेव्हाही झोंबायचा. पण शब्द झोंबतो म्हणून पेन्शन नाकारण्याची ऐपत नव्हती.

सुरुवातीला पैसे मनीऑर्डरने यायचे. पोस्टमन दारात यायचा, चहापाण्याचे ठेवून घ्यायचा, बाकीचे हातावर टेकवायचा. मग एक दिवस कचेरीतून निरोप आला, की यापुढे पैसे बँकेतच जमा होणार. खातं नसेल तर पेन्शन बंद.

त्या काळी आधार कार्ड वगैरे नव्हतं. रेशनकार्ड, दोन फोटो आणि तहसीलचा दाखला घेऊन मी बाजाराजवळच्या बँकेत गेले. काउंटरमागे चष्मा लावलेले एक साहेब होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी दाखला हातात घेतला आणि मोठ्याने वाचला. मनातल्या मनात वाचता येत असूनही मोठ्याने वाचला.

"पतीने सोडून दिलेली. बरं. मग पतीची सही कुठाय?"

मला वाटलं माझी ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, "साहेब, ते निघून गेलेत."

"वारलेत का?"

"नाही."

"मग आहेत. रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख तेच आहेत. त्यांची सही आणा."

"अहो, त्यांची सही आणता आली असती तर मी पेन्शन कशाला मागितली असती?"

माझ्या मागे रांगेत कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, "बाई, ही बँक आहे. आपले घरगुती प्रश्न आपण घरी सोडवावेत."

'आपण' म्हणाले. इतक्या अदबीने माणसाला हाकलता येतं हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा तहसीलच्या कारकुनाला विचारून गेले होते. नवऱ्याची सही लागत नाही असं त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. मी तेच साहेबांना सांगितलं. आपलं चुकलं असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी नवीन अडचण काढली. "ओळख कोण देणार? याच शाखेचा खातेदार पाहिजे. त्याची सही पाहिजे."

हा नियम मात्र खरा होता. मला त्यात काही वाटलं नाही, कारण माझ्यापुढे एक नाव होतं. ज्या दुकानाच्या साड्या मी घरी आणायचे, त्या दुकानदारांचं खातं याच शाखेत होतं. लग्नसराईत त्यांनी माझ्याकडे पैठण्यासुद्धा दिल्या होत्या. चिठ्ठी नाही, चपाटी नाही, नुसत्या शब्दावर. तशीच दुकानात गेले.

त्यांनी गल्ल्यावरून मान वर न करता ऐकून घेतलं. "तुमचं काम एक नंबर आहे, ताई. पण सहीचं तसं नसतं. उद्या काही भानगड झाली तर मला बोलावतील."

"माझ्या खात्यात कसली भानगड होणार हो?"

"तुमच्या नाही. तुमचे मिस्टर परत आले, त्यांनी काही केलं, तर?"

म्हणजे नवरा नाही म्हणून बँक दार उघडेना, आणि नवरा परत येईल म्हणून दुकानदार सही करेना. एक माणूस घरात नसूनही दोन्ही बाजूंनी माझ्या वाटेत उभा होता. मी तिथून बाहेर पडले तेव्हा हातातली पिशवी रस्त्यावर आपटावीशी वाटली. आपटली नाही. आत त्यांचीच साडी होती.

राहिली एकच जागा. माझी सासू.

सासरे खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. ते वारल्यावर सासूला त्यांची पेन्शन मिळायची आणि ती याच बँकेत यायची. सासू धाकट्या मुलाकडे बोपोडीत राहायची. नवरा गेल्यानंतर मी पोरीला घेऊन तिच्या दारात गेले होते. तेव्हा ती म्हणाली होती, "तुलाच सांभाळता आलं नाही." त्यानंतर मी त्या घराची पायरी चढले नव्हते. आता चढावी लागली.

ती तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून तिने धाकट्या सुनेला आत पाठवलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तिने सूप बाजूला ठेवलं.

"मला नाही जमायचं."

"का?"

"तिथं सगळी ओळखीची माणसं असतात. कारखान्यातल्या बायका असतात पेन्शनीला. मी सगळ्यांना सांगितलंय तो मस्कतला आहे म्हणून."

"आणि मी? मी कुठे आहे म्हणून सांगितलंय?"

तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग हळूच म्हणाली, "माहेरी."

मी खडकीत होते. तिच्या घरापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. तिची नात म्युनिसिपालटीच्या शाळेत जात होती. आणि हिच्या जगात आम्ही दोघी माहेरी मजेत होतो आणि मुलगा परदेशात पैसे कमावत होता. मी म्हटलं, "तुमची अब्रू सांभाळा. माझी पेन्शन बंद पडली तर पोरीला तुमच्या दारात आणून बसवीन, मग सांगा लोकांना ही कुणाची ते." असं बोलायचं ठरवून गेले नव्हते. तोंडातून निघालं. परत येताना वाईट वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा बँकेत गेले. मॅनेजरला भेटायचं ठरवलं होतं. महिन्याची सुरुवात असल्याने पेन्शनर लोकांनी बाकं भरली होती. मॅनेजरची केबिन बंद होती, आणि तिच्या दाराकडे जायचं तर त्याच साहेबांच्या काउंटरवरून जावं लागायचं.

"काय हो, पुन्हा?" ते म्हणाले. "ओळख मिळाली?"

"मला मॅनेजरसाहेबांना भेटायचंय."

"मॅनेजर काय करणार? एवढ्या मोठ्या पुण्यात तुम्हाला ओळखणारा एक माणूस मिळू नये?" मग शेजारच्या कारकुनाकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, "नवऱ्याने टाकली ते समजू शकतो. गावानेच टाकली म्हणजे काहीतरी असणारच ना?"

कारकून हसला. माझे कान तापले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"मी देते ओळख."

सासू होती. ती पेन्शन काढायला आली होती आणि मी तिला पाहिलंच नव्हतं. पदर खांद्यावर ओढत ती काउंटरपाशी आली. साहेब तिला ओळखत होते. त्यांचा सूर एकदम बदलला.

"या या, आजी. या तुमच्या कोण?"

"सून."

"धाकटी?"

"थोरली."

"थोरला मुलगा तर मस्कतला ना? तुम्हीच सांगितलं होतं."

सासूने एकदा मागे वळून बाकांकडे पाहिलं. कारखान्यातल्या बायका होत्या तिथे, दोघी तर तिच्या जुन्या शेजारणी. मग ती साहेबांकडे वळली आणि म्हणाली, "खोटं सांगितलं होतं. तो पळून गेलाय. कुठाय ते मला माहीत नाही. हिला कुणी टाकलेलं नाही, माझा पोरगाच वाया गेलेला आहे. आणा तो कागद."

तिने मराठीत, अक्षर अक्षर लावून सही केली. साहेबांनी बँकेतल्या नमुन्याशी ती ताडून पाहिली. आणि मग माझी वाचा फुटली.

"साहेब, मघाशी तुम्ही जे बोललात ते पुन्हा बोला."

"कधी? काय?"

"गावाने टाकली म्हणजे काय असणार, ते. आता यांच्यासमोर सांगा. काय असणार?"

"अहो, मी आपलं गमतीने—"

"मला हसू आलं नाही. त्यांना आलं," मी कारकुनाकडे बोट दाखवलं. "त्यांना विचारा काय गंमत होती."

माझा आवाज इतका चढला होता की केबिनचं दार उघडून मॅनेजर बाहेर आले. मी थांबले नाही. पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं, नवऱ्याच्या सहीपासून. मॅनेजरने साहेबांना एवढंच विचारलं, "पतीची सही कुठल्या नियमात आहे?" साहेब पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिले. माफी कुणी मागितली नाही. पण खातं त्याच दिवशी उघडलं आणि पासबुक मॅनेजरने स्वतः आणून दिलं. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जे पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात व्हायचं, ते मिळवायला एका म्हातारीला भर बँकेत स्वतःच्या मुलाची लक्तरं टांगावी लागली, एवढंच डोक्यात घुमत होतं.

बाहेर आल्यावर सासू म्हणाली, "पोरगी कितवीत आहे?"

"दुसरीत."

"मला बघायची आहे."

मी म्हटलं, "आज नको." तिने सही दिली म्हणून तिचं ते जुनं वाक्य पुसलं गेलं नव्हतं. ती मान हलवून बोपोडीच्या दिशेने निघाली. दिवाळीत मात्र मी मुलीला घेऊन गेले. पुढेही जात राहिलो. सासूचा आणि माझा गोडवा कधी जमला नाही, पण मस्कतची गोष्ट तिने पुन्हा कुणाला सांगितली नाही.

मुलगी मोठी होईपर्यंत ती पेन्शन मला मिळत राहिली. दरवर्षी दाखला द्यावा लागायचा, की मी जिवंत आहे, दुसरं लग्न केलेलं नाही, नवऱ्याबरोबर राहत नाही. तलाठ्यासमोर, कारकुनासमोर, एकदा तर चौकशीला घरी आलेल्या माणसासमोर. त्याने दोरीवर वाळत घातलेले कपडे नीट निरखून पाहिले, पुरुषाचा सदरा आहे का म्हणून. मी दरवर्षी सांगत राहिले.

आणि तो? तो कुठल्याशा शहरात असेल. त्यानेही कधीतरी एखाद्या बँकेत खातं उघडलं असेल. समोरच्या साहेबांनी त्याला बसा म्हटलं असेल. बायकोची सही आणा, असं त्याला कुणी म्हटलं नसेल.