खऱ्या मालाचे सहा क्यूब

श्रीमंतच्या हाताखाली इंजिनिअरिंगची पोरं यायला लागून चार वर्षं झाली होती आणि त्यांच्याबद्दल त्याचं मत पक्कं झालं होतं. ही पोरं येतात, हेल्मेट घालून फोटो काढतात, उन्हाला शिव्या देत कुठंतरी सावली धरतात आणि सहा महिन्यांनी सर्टिफिकेटवर सही मागायला उगवतात. बावीस वर्षं पाण्याच्या टाक्या बांधणाऱ्या माणसाने याहून वेगळी काय अपेक्षा ठेवायची? नांदेडच्या कॉलेजने दोनपानी पत्र पाठवलं होतं. विद्यार्थ्याला खरं काम द्यावं, शंकांना उत्तरं द्यावीत, केलेलं काम तपासावं, वगैरे. श्रीमंतने ते न वाचताच ड्रॉवरमध्ये सारलं.

तो मूळचा उदगीरचा. दहावीनंतर साइटवर पाणी मारायला लागला आणि चढत चढत सुपरवायझर झाला. आतापर्यंत सोळा टाक्या त्याच्या देखरेखीखाली उभ्या राहिल्या. गावोगावचे पाणी सोडणारे त्याचे दोस्त, जत्रेला आठवणीने बोलावणारे. माणूस दिलदार, कष्टाळू, कामगारांना कधी अरेतुरे न करणारा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कोणी त्याला लबाड म्हणेल, आणि लबाड तो नव्हताच. लबाड असता तर त्याचं हे इतकं अवघड झालं नसतं.

यंदा बुद्धप्रिया आली. इस्लापूरची, शेवटच्या वर्षाला, बोलायला मोजकी. जळकोट तालुक्यातल्या एका गावी सतराव्या टाकीचं काम चालू होतं आणि टाकीच्या पायथ्याशीच अंगणवाडी होती. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, सिमेंटच्या गोण्या कोण मोजतं? श्रीमंतला हसू आलं. पण ती रोज काही ना काही विचारायची आणि मिळेल ते उत्तर वहीत उतरवायची. त्या वहीची त्याला हळूहळू धास्ती वाटू लागली, आणि का वाटते ते मात्र कळेना.

इथे या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. काँक्रीट ओतताना त्याच मालाचे सहा ठोकळे भरतात, त्यांना क्यूब म्हणतात. ते अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे आणि लातूरच्या लॅबमध्ये यंत्राखाली फोडून बघायचे. क्यूब जितका दाब सोसेल तितकी टाकीची ताकद. पण श्रीमंतच्या साइटवर क्यूब त्या मालाचे नसायचेच. रेवणसिद्ध मिस्त्री शेडमागे चार घमेली माल वेगळा कालवायचा, सिमेंट सढळ हाताने, पाणी बेताचं. टाकीत जायचा तो ठेकेदार व्यंकटरावांच्या पसंतीचा माल, सिमेंट कमी आणि पाणी बक्कळ. फरक उन्नीस-बीसचा असतो, असं व्यंकटराव म्हणायचे आणि श्रीमंतला ते मनापासून पटलेलं होतं.

टाकीच्या तळाचा स्लॅब पडला त्या दिवशी रेवणसिद्ध सासुरवाडीला गेला होता. श्रीमंत मिक्सर आणि लिफ्ट यांच्यामध्ये नुसता धावत होता. जाता जाता तो बुद्धप्रियाला म्हणाला, तेवढे क्यूब भरून ठेव. कुठल्या मालाचे, ते सांगायचं त्याला सुचलंच नाही. साइटवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट कुणी सांगतं का? पोरीने पुस्तकात लिहिलंय तसं केलं. टाकीत जाणारा मालच घेतला, सहा क्यूब भरले आणि वर तारीख कोरली.

दीड-दोन महिन्यांत भिंती वर गेल्या, घुमट झाला. पाणी भरून बघायला चार दिवस उरले असताना ती लातूरहून रिपोर्ट घेऊन आली. तीसचा दाब सोसायला हवा तो क्यूब तेराला फुटला होता. सहाच्या सहा तसेच.

श्रीमंतने कागद दोनदा वाचला. माल कुठला घेतला होता, असं विचारलं. तिने सांगितलं. मग ती म्हणाली, "सर, याआधीच्या टाक्यांचे क्यूब कुठल्या मालाचे होते?"

बावीस वर्षांत त्याने फक्त रेवणसिद्धचा चांगला माल फोडून पाहिला होता. टाक्यांचा माल किती दाबाला फुटतो, हे त्याला आज, या पोरीमुळे, पहिल्यांदा कळत होतं.

व्यंकटराव फोनवर अगदी शांत होते. दुसरे क्यूब करा, पोरीला चांगलं सर्टिफिकेट देऊन घरी पाठवा, सोमवारी टाकी भरा. श्रीमंत सवयीने "हाव, करतो" म्हणाला आणि फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच किळस आली. अंगणवाडीच्या दारात पोरं खिचडीची ताटं घेऊन ओळीने बसत होती. तो शेडमध्ये गेला. साइटच्या रजिस्टरमध्ये त्याने तेराचा आकडा जसाच्या तसा लिहिला, खाली 'पाणी भरू नये' असं लिहून सही केली आणि बुद्धप्रियाला म्हणाला, याचा फोटो काढ, कॉलेजात पाठव, पंचायतीला पाठव, सगळीकडे पाठव. नोकरी गेली हे त्याला ठाऊक होतं. ही टाकी तरी आता भरणार नव्हती.

पण आधीच्या सोळा भरलेल्या होत्या.

त्याने सगळ्यात जुन्या टाकीच्या गावी फोन लावला, किनवटकडच्या एका वाडीत. पाणी सोडणाऱ्याने खुशाली विचारली, जत्रेची तारीख सांगितली. टाकीचं विचारल्यावर तो म्हणाला, "टाकीला काय धाड भरलीय? तळातून जरा गळून राहिलीय, दोन वर्षं झाली. बरंच झालं म्हणा. आताबी पोरं खाली आंघोळ करून राहिलीत."

"पोरं बाजूला काढा," श्रीमंत म्हणाला. "आधी पोरं काढा, मग टाकी रिकामी करा."

तो माणूस हसला. असं काहून, कोणी सांगितलं, असं त्याने विचारलं. बुद्धप्रिया समोरच उभी होती.

"मीच बांधली हाय ती," तो म्हणाला. "ती कशाच्या जोरावर उभी हाय, मला ठाऊक न्हाई."

फोनमधून पोरांचा कालवा आणि पाण्याचा आवाज येतच राहिला.