धुतलेली कोथिंबीर

कोपर स्टेशनबाहेर सकाळी भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या आंबिवलीहून यायच्या. गिऱ्हाईक नसलं की भाजलेल्या तंबाखूची मशेरी बोटावर घेऊन निवांत दातांवर फिरवायच्या. मी कोथिंबिरीच्या चार जुड्या हाताळून एक घ्यायचो. मी वळलो की त्या उरलेल्या तिन्ही जुड्या बादलीत बुडवून काढायच्या. मला वाटायचं, ताज्या दिसाव्यात म्हणून.

एकदा मला नको ते शहाणपण सुचलं. म्हटलं, "मावशी, शेवटी तंबाखूच तो. त्यातल्या निकोटीननं रक्तवाहिन्या आखडतात, छातीचे ठोके वाढतात आणि एकदा सवय लागली की सुटत नाही. तोंडाचा कॅन्सर होतो तो वेगळाच."

त्यांनी शांतपणे चूळ भरली. "खरंय दादा. माझी पोरगी पण हेच बोलते. पण तुम्ही जुडी हातात घेतली ना, की तिला सिगरेटचा वास लागतो. बायका नाकाला लावून बघतात, म्हणून मग धुवावी लागते."

माझ्या तोंडात वेलची होती. बायकोला कळू नये म्हणून घरी जाण्याआधी मी रोज ती चघळायचो. बोटांचा विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी हात पाठीमागे बांधून लांबूनच म्हणालो, "कुठलीही एक द्या."

"अहो, घ्या की बघून," असं म्हणत त्यांनी बादली जवळ ओढली. "पाणी आहे इथं."