मधे खांब नसलेलं दालन

कतारमध्ये मेसईदच्या प्लांटला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसतो. मूळचा आर्मेनियाचा, वेल्डिंग इन्स्पेक्टर. त्याच्या गावात आठशे वर्षं जुना मठ आहे, अर्धा डोंगरात कोरलेला, अर्धा बांधलेला. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून तो मला तिथल्या मोठ्या दालनाच्या कमानी दाखवतो. "मधे एकही खांब नाही. सगळं दगडी छप्पर या कमानींवर. खलास!" आपणच शेवटचा दगड बसवल्यासारखा तो हसतो.

जानेवारीतल्या एका सकाळी तो हसला नाही. "रात्री गावाकडे भूकंप झाला," एवढंच म्हणाला. तिथे एकट्या राहणाऱ्या आईचा फोन लागत नव्हता.

वाटेत त्याचा मोबाइल वाजला. चुलतभावाने फोटो पाठवला होता. तो न बघताच त्याने मोबाइल माझ्या हातात दिला आणि डोळे मिटले.

"तू बघ. मठाचं छप्पर आहे?"

घंटाघर कोसळलं होतं. दालन मात्र उभं होतं.

"आहे," मी म्हणालो, पण मला रागच आला. "अरे, आईचं विचार ना आधी!"

"तेच विचारतोय. घरं हलली की बर्फात कुठे जाणार? सगळं गाव त्या दालनात जाऊन बसतं."

मी फोटो मोठा केला. दालनाच्या दारात पाचसहा माणसं घोंगड्या पांघरून उभी होती. त्यांत एक म्हातारी होती, तिचं नाक थेट याच्यासारखं.

मोबाइल त्याच्यासमोर धरून मी म्हणालो, "डोळे उघड."

त्याने उघडले. मग प्लांटचं गेट येईपर्यंत त्या चेहऱ्यावरून त्याने बोट काढलं नाही.